दोन्ही काटे तिचेच

माझी सून वजनकाटे दुरुस्त करते. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे तिथे ऑफिसात असते का?" नाही. खांद्याला अवजारांची पिशवी, हातात पितळी वजनांची लाकडी पेटी आणि दिवसाला सहा-सात ठिकाणं: किराणा दुकान, बेकरी, सोनार, भंगारवाला, दवाखाना. काटा उघडायचा, साफ करायचा, पेटीतली वजनं ठेवून तपासायचा आणि बरोबर निघाला की त्यावर तारखेचा हिरवा कागद चिकटवून खाली सही करायची. त्या सहीनंतर तो काटा खोटा निघाला तर बोल तिला. बारा वर्षं ती हे करते आहे.

काट्यांच्या कारखान्यात ती आली एकोणिसाव्या वर्षी आणि तीही टायपिंगसाठी. तिथल्या फोरमनला सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी पाहिलं की ही मुलगी जेवणाच्या सुट्टीत मोडके काटे उघडून बसते. ते म्हणाले, "टायपिंगमध्ये तू पानाला दहा चुका करतेस. उद्यापासून इकडे बस, इथे एकसुद्धा चालणार नाही." ती बसली. पुढे एकदा घाऊक बाजारात एका बटाट्याच्या व्यापाऱ्याने तिला दारातच अडवलं. "ताई, हा काटा माझ्या वडिलांच्या वेळेपासून बरोबर आहे." हिने पेटी उघडली, वजनं ठेवली आणि म्हणाली, "वडिलांच्या वेळेपासून पोत्यामागे पाव किलो चुकतोय. कुणाच्या बाजूने ते सांगू का मोठ्याने?" व्यापाऱ्याने खुर्ची पुढे केली. आता तो दुसऱ्या कुणाला काट्याला हात लावू देत नाही.

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो. आमचं जेवणाचं टेबल अकरा वर्षं डुगडुगत होतं. सुताराला बोलवायचं मी दर रविवारी ठरवत असे. चहा समोर आला आणि कप हलला. तिने पर्समधून बसचं तिकीट काढलं, चार घड्या घातल्या, टेबलाच्या पायाखाली सारलं आणि बोलणं जिथे होतं तिथून पुढे चालू ठेवलं. माझी बायको आत येऊन मला म्हणाली, "होकार द्या." मी म्हटलं, "मला विचारलंय कुणी?" ते तिकीट अजून तिथेच आहे.

घर आमचं तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. मी कागदाच्या एका मोठ्या गोदामात माल रवाना करण्याचा विभाग सांभाळतो. निवृत्तीला सात महिने आहेत. मुलगा शहर बस चालवतो. पहाटे पाचला जातो, दोनला परततो आणि दिवसभर घंटी व गर्दी ऐकल्यामुळे घरी फारसं बोलत नाही. त्याची उणीव त्याची मुलगी भरून काढते.

नात सव्वाचार वर्षांची आहे. घरात तिला बातमीदार म्हणतात. झोपेतून उठते ती वाक्याच्या मध्यावरच. आमच्या घरातली एकही गोष्ट तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाला तळमजला येईपर्यंत आजीचा गुडघा, बाबाचं घोरणं आणि फ्रिजमध्ये काय उरलं आहे हे सगळं कळलेलं असतं. तोंडाचा पट्टा चालू आहे म्हणावं तर पट्टासुद्धा कधीतरी थांबतो.

तिच्या आईने तिला बाद झालेल्या वजनांचा एक संच खेळायला दिला आहे. बाद म्हणजे ग्रॅमच्या बारीक अंशाने कमी भरणारी. आपल्याला ते कळणारही नाही. बातमीदार त्यांच्यावरच आकडे शिकली. म्हणून ती मोजते ती अशी: एक, दोन, पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर. बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलीला तीन येत नाही. मी तिला समजवायला बसलो. "दोनानंतर काय येतं?" "पाच." "मधे तीन आणि चार असतात." ती म्हणाली, "कुठे? दाखवा." मला दाखवता आले नाहीत. पेटीत ते नाहीतच.

पाच आठवड्यांपूर्वी घरात बाळ आलं. दवाखान्यातून पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळलेलं ते बघून बातमीदार म्हणाली, "पार्सल आलं!" तेच नाव पडलं. कागदोपत्री त्याचं चांगलं नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. पहिले दोन दिवस तिने चौकशी केली की पार्सल परत पाठवता येतं का. तिसऱ्या दिवशी त्याने तिचं बोट धरलं. तेव्हापासून पार्सल तिच्या मालकीचं झालं आणि त्याच्याबद्दलच्या बातम्या लिफ्टमध्ये सर्वांत आधी येऊ लागल्या.

बाळांची वजनं दर बुधवारी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात होतात. चौथ्या आठवड्यात पार्सल भरला तीन किलो पाचशे साठ ग्रॅम. उत्तम. त्याच दिवशी सुनेने कारखान्यातून बाळांचा एक काटा घरी आणला. बायको म्हणाली, "अगं, दर बुधवारी होतंय ना वजन?" सून म्हणाली, "आई, सुतार आपल्या घरातलं दार वाकडं ठेवेल का?" माझ्या मनात आलं की सुतारच ठेवतात.

रोज सकाळी सव्वासातला, अंघोळीनंतर आणि दूध पाजण्याआधी, वजन. सुनेची पद्धत पक्की. आधी काट्यावर पितळी वजन ठेवून तो बरोबर आहे हे बघायचं. मग पारड्यावर बाळाचं दुपटं ठेवून काटा शून्यावर आणायचा, म्हणजे दुपट्याचं वजन आपोआप वजा होतं. ते दुपटं उचलून बातमीदाराच्या हातात द्यायचं. तिने ते न्हाणीघरापाशी आजीला नेऊन द्यायचं, आजीने त्यात बाळ गुंडाळायचं आणि बातमीदाराने शेवटचा कोपरा खोचायचा. कोपरा खोचणं हे तिचं अधिकृत काम होतं. मग बाळ पारड्यात. काटा स्थिर होईपर्यंत सर्वांनी एक पाऊल मागे आणि कुणी बोलायचं नाही. दिवसातले ते आठ सेकंद आमच्या घरात शांतता असे. आकडा थांबला की मी तो वहीत लिहीत असे.

पहिल्या दिवशी, म्हणजे त्याच बुधवारी संध्याकाळी, घरच्या काट्याने दवाखान्याइतकंच वजन दाखवलं. दुसऱ्या दिवशी तीस ग्रॅम वाढले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी काहीच वाढलं नाही. असं होतं; लहान बाळ रोज वाढलंच पाहिजे असं नाही, हे सुनेला माहीत होतं आणि तिने ते सांगितलंही. पण सांगताना तिने तो आकडा दोनदा पाहिला. थोरलीच्या वेळी तिचं दूध सहाव्या आठवड्यात कमी पडलं होतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती बोलली काही नाही, पण घरात सगळ्यांना ते माहीत होतं. सव्वाचार वर्षांच्या माणसालाही.

चौथ्या दिवसापासून वजन झपाट्याने वाढू लागलं. सत्तर, पंचवीस, पासष्ट. बायको म्हणाली, "बापावर गेलाय. त्यालाही वाटी पुरत नसे, पातेलं लागे." मुलाने बाळाकडे अभिमानाने पाहिलं. पुढच्या बुधवारी सकाळी वहीत मी लिहिलं: तीन किलो आठशे पन्नास. एका आठवड्यात जवळजवळ तीनशे ग्रॅम. सून गुणगुणत दवाखान्यात गेली. मी ऑफिसला दांडी मारत नाही, पण त्या दिवशी वाटेतच दवाखाना असल्यामुळे बाळाची पिशवी धरायला बरोबर गेलो.

दवाखान्याच्या काट्याने दाखवलं तीन किलो सहाशे वीस.

सिस्टरने गेल्या आठवड्याचा आकडा पाहिला आणि पेन खाली ठेवलं. "ताई, आठवड्यात साठच ग्रॅम? निदान दीडशे-दोनशे तरी हवेत. दूध पुरतंय ना?"

"पुरतंय," सून म्हणाली. "सिस्टर, काटा चुकतोय तुमचा. घरी आज सकाळी आठशे पन्नास होतं."

"घरच्या काट्यांचं काही सांगू नका. लोक आंघोळीच्या बादलीसारखे काटे आणतात कुठून कुठून."

"माझा तसला नाही."

"आणि आमचा तपासलेला आहे." सिस्टरने काट्याच्या कडेचा हिरवा कागद दाखवला. "हे बघा. साडेतीन महिन्यांपूर्वी. सहीसुद्धा आहे."

सुनेने सही पाहिली. सही तिचीच होती.

सिस्टरला ते ठाऊक नव्हतं. ती नवीन होती. ती म्हणाली, "पुढच्या बुधवारपर्यंत बघू. नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. घाबरू नका." सून घाबरलेली नव्हती. बाळाला गुंडाळताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, दोन्ही काटे माझेच आहेत."

दिवसभर ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. घरचा काटा खोटा असेल, तर नातू वाढत नाही आहे आणि त्याची आई आठवडाभर खोट्या आकड्यावर टाळ्या वाजवते आहे. दवाखान्याचा काटा खोटा असेल, तर त्या गल्लीतल्या सगळ्या बाळांची वजनं चुकली आहेत आणि त्या चुकीखाली तिची सही आहे. कोणताही बरोबर ठरला तरी नुकसान तिचंच.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा तिने घरचा काटा टेबलावर उघडला होता. पेटीतली सगळी वजनं एकेक करून ठेवून झाली होती. "एका ग्रॅमचा फरक नाही," ती म्हणाली. "म्हणजे तिकडचा चुकतोय. उद्या दुपारी पेटी घेऊन जाते."

"रजेवर आहेस ना?" बायकोने विचारलं.

"उस्तादांना फोन केला होता. ते म्हणाले, नवीन कागद चिकटवायचा नाही, पण बघायला कुणाच्या बापाची बंदी आहे?"

"आणि तिथेही सगळं बरोबर निघालं तर?" हे विचारलं माझ्या मुलाने. दिवसभरात तो एकच वाक्य बोलतो आणि ते असं असतं.

सुनेने एक स्क्रू उचलून जागेवर बसवला. मग तो घट्ट करून म्हणाली, "तर वरचं दूध सुरू करायचं. मी काय काट्याशी भांडणार आहे का?"

गुरुवारी सकाळी सात वाजता मी दाढी करत होतो. बातमीदार दाराशी आली. तिच्या दोन्ही मुठी बंद होत्या.

"आजोबा, आज किती लिहायचंय?"

"काय किती?"

"वहीत. तुम्ही सांगा, मी तेवढं घालते. माझ्याकडे आता शंभरचं एक आणि पन्नासचं एक आहे. दोनशेचं आईने दिलंच नाही."

मी वस्तरा खाली ठेवला. "कुठे घालतेस?"

"कोपऱ्यात," ती म्हणाली. माझी समज कमी आहे हे तिला दिसत असावं, कारण पुढचं तिने सावकाश सांगितलं. "मी कोपरा खोचते ना? त्यात. मग वजन झालं की मीच कोपरा सोडते ना? तेव्हा काढते. पार्सलला टोचत नाही, मी विचारलंय त्याला."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! आईला सांगितलं, मी पार्सलला मदत करते. आई म्हणाली, शहाणी माझी. आज्जीला सांगितलं. लिफ्टमधल्या काकांनापण सांगितलं."

हे खरं होतं. शनिवारी तिने माझ्यासमोरच म्हटलं होतं, "आज पार्सलला वीसची मदत केली." मी पेपर वाचत होतो. तिच्या शंभर बातम्यांतली ती एक. मी हं म्हटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सुनेने काटा रोज तपासला, पण कापड एकदाही तपासलं नाही. आणि कापड कुणी का तपासावं? दुसऱ्या कुठल्या घरात मुलीच्या खेळण्यांत शंभर ग्रॅमचं पितळ सापडणार होतं?

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मूठ उघडून वजनं काढून घ्यायची आणि गुपचूप खरा आकडा लिहायचा, किंवा जाऊन सांगायचं. काल ज्या काट्याच्या भरवशावर ती ठाम उभी होती, तो भरवसाच काढून घ्यायचा होता. पण कागदाच्या गोदामात मी एक गोष्ट शिकलो आहे. गाडीत कमी माल भरला गेला असेल, तर ती फाटकातून बाहेर पडण्याआधी सांगावं. नंतर सांगणाऱ्याला कुणी धन्यवाद देत नाही.

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी नातीला घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हिला काहीतरी सांगायचंय," मी म्हटलं. "या वेळी पूर्ण ऐक."

बातमीदाराने मुठी उघडल्या आणि पुन्हा सगळं सांगितलं. बायकोने कपाळावर हात मारला. "अगं कार्टे!"

सुनेने गॅस बंद केला आणि जमिनीवर मुलीसमोर मांडी घालून बसली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचा होता, व्यापाऱ्याला विचारताना असतो तसा.

"का घातलंस गं?"

"त्या दिवशी तू दोनदा बघितलंस. पार्सल वाढला नव्हता म्हणून." बातमीदाराचा ओठ आता थरथरायला लागला होता. "मग मी घातलं तर तू टाळी वाजवलीस."

सुनेने तिला जवळ ओढलं. मग म्हणाली, "बरं. आता मला नीट सांगायचं. पहिल्यांदा घातलंस तेव्हा कुठलं घातलंस?"

"वीसचं. बाबाने अंडं सांडलं त्या दिवशी."

"शनिवार," मी वही आणून म्हटलं. अंडं मी विसरलेलो नव्हतो.

"मग?"

"मग परत वीसचं. आज्जी चपला शोधत होती तेव्हा. मग पन्नासचं. मग पन्नासचं आणि वीसचं. मग काल शंभरचं, कारण काल दवाखान्यात जायचं होतं." ती थांबली. "पण दवाखान्यात तू मला नेलंच नाहीस. तिथे कोण घालणार होतं?"

माझी बायको हसू दाबायला न्हाणीघरात गेली.

वाराला वार लावून मी एकेक वजन वजा करत गेलो. सून माझ्या खांद्यावरून बघत होती. तीन किलो सहाशे चाळीस, सहाशे पासष्ट, सातशे, सातशे वीस. आणि काल बुधवारी, तीन किलो सातशे पन्नास. बातमीदाराची मदत काढून टाकली तरी आकडे एकामागून एक शिस्तीत चढत होते. आठवड्याचे एकशे नव्वद ग्रॅम.

"वाढतोय," बायको म्हणाली. "बाई, वाढतोय तो!"

"हिच्या आठवणीवर?" सून म्हणाली. "आई, अंडं आणि चपला हा काही पुरावा नाही. आणा त्याला."

त्या दिवशी कोपरा तिने स्वतः खोचला, मग परत सोडला आणि दुपटं झटकून पुन्हा खोचला. बातमीदार हात मागे बांधून उभी होती. आठ सेकंद. तीन किलो सातशे पंचाहत्तर.

सुनेने मोठा श्वास घेतला. पण ती टाळी वाजवून थांबणारी नव्हे. "मुलीने शंभर वाढवले," ती म्हणाली. "पण घर आणि दवाखाना यांत फरक होता दोनशे तीसचा. उरलेले एकशे तीस कुठे गेले? ते हिने खाल्ले नाहीत." आणि ती पेटीतली वजनं मऊ कापडाने पुसायला बसली.

दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. माझ्या वरिष्ठांनी अर्जाकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी सांगितलं, "तेच बघायला जातोय."

आम्ही गेलो तेव्हा दवाखान्यात गर्दी ओसरली होती. सून पेटी घेऊन पुढे, मी पार्सलला घेऊन मागे, आणि बातमीदार आम्हा दोघांच्या मधे, वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला मोहीम समजावत. सिस्टरने पेटी पाहिली. "हे काय?"

"हिरव्या कागदावरची सही माझी आहे," सून म्हणाली. "काटा तपासायचाय. पाच मिनिटं."

"अगंबाई! मग काल बोलला नाहीत ते?"

"काल मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं."

तिने दोन किलोचं वजन पारड्यात ठेवलं. आकडा थांबला: एक हजार नऊशे तीस. तिने ते उचललं, परत ठेवलं. एक हजार नऊशे तीस. सिस्टर जवळ आली.

"हा काटा इथेच होता का?" सुनेने विचारलं. "मी तपासला तेव्हा त्या खिडकीखालच्या ओट्यावर होता."

"खिडकीतून वारा येतो हो. बाळं कुडकुडतात. म्हणून मागच्या गुरुवारी मीच इकडे टेबलावर घेतला. अगदी अलगद घेतला, आपटला नाही. चाललं नाही का ते?"

सून वाकली आणि पारड्याच्या मागच्या बाजूने बघू लागली. भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत फरशा होत्या आणि वरच्या फरशीची कड बोटभर पुढे आलेली होती. "बाबा, एक कागद द्या. पातळ."

माझ्याकडे वहीच होती. वहीतलं पान मी आयुष्यात कधी फाडलेलं नाही. शेवटचं कोरं पान मी पट्टीसारखं सरळ फाडून दिलं. तिने ते पारडं आणि फरशीची कड यांच्यामधून सरकवलं. थोडं गेलं आणि अडकलं.

"हे बघा, सिस्टर. रिकामं असतं तेव्हा टेकत नाही, म्हणून शून्य बरोबर दाखवतो. बाळ ठेवलं की पारडं केसभर खाली जातं आणि मागून त्या कडेवर टेकतं. थोडा भार भिंत उचलते. जितकं बाळ जड, तितकी चोरी जास्त." तिने काटा चार बोटं पुढे ओढला, शून्यावर आणला आणि वजन ठेवलं. दोन हजार.

सिस्टर स्टुलावर बसली. "माझी चूक झाली."

"काटा हलवला तर मला बोलवा, असं मी त्या कागदावर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. ती माझी. अर्धी-अर्धी." मग ती लगेच पुढच्या गोष्टीवर आली. "मागच्या गुरुवारनंतर किती बाळं मोजली?"

सिस्टरने रजिस्टर उघडलं. "चौदा."

"चौदाही परत बोलवा."

"चौदा? ताई, कुणी येईल का परत? आणि मी सांगू काय?"

"सांगा, काटा चुकला होता, बाळ नाही. धावत येतील. वरचं दूध सुरू करायला सांगितलंय असं कुणी आहे का?"

सिस्टरने एका ओळीवर बोट ठेवलं. "एक आहे. काल रडत गेली बिचारी."

"तिला आधी फोन करा. आत्ता, माझ्यासमोर." सिस्टरने फोन लावला. पलीकडच्या बाईचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही, पण सिस्टर तीनदा म्हणाली, "हो हो, खरंच," आणि चौथ्यांदा म्हणताना हसली.

त्यानंतर पार्सलची पाळी. सून दुपटं झटकत होती तेवढ्यात बातमीदार पुढे आली आणि कुणी न सांगता तिने फ्रॉकचे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. एका खिशातून रबरबँड आणि एक बिस्किटाचा तुकडा पडला.

"हे काय चाललंय?" सिस्टरने विचारलं.

"ती मोठी बातमी आहे," मी म्हटलं. "लिफ्टमधल्या काकांना विचारा."

बाळ पारड्यात. सर्वांनी एक पाऊल मागे. सिस्टरही गेली. आकडा नाचला, रेंगाळला आणि थांबला. तीन किलो सातशे ऐंशी. या वेळी सुनेने तो एकदाच पाहिला. मग वाकून बाळाच्या कानाशी काहीतरी म्हणाली; ते मला ऐकू आलं नाही आणि बातमीदारालाही ऐकू आलं नाही, ही तिची आजतागायत तक्रार आहे.

परत येताना सून दोन्ही हातांनी पेटी सांभाळत चालत होती. बातमीदार बराच वेळ, म्हणजे औषधांच्या दुकानापासून टायरवाल्यापर्यंत, गप्प होती. मग तिने विचारलं, "आई, आता मी मदत कशी करू? कोपरा तर तूच खोचणार."

सून थांबली. माझ्या वहीच्या पानाची ती पट्टी तिने खिशातून काढून मुलीच्या हातात दिली. "रोज सकाळी पार्सलला ठेवलं की ही पारड्याच्या चारी बाजूंनी फिरवायची. अडकली, तर ओरडायचं."

"आणि नाही अडकली तर?"

"तर सांगायचं, नाही अडकली."

"म्हणजे तेव्हा बोलायचं? सगळे गप्प असताना?"

"तू एकटीने."

शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता आम्ही सगळे एक पाऊल मागे गेलो. मुलाची त्या दिवशी सुट्टी होती, तोही होता. बातमीदाराने जीभ दातांत धरून पट्टी पहिल्या बाजूने फिरवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथ्या बाजूला जायला तिला पाटावर चढावं लागलं. आम्ही थांबलो.

"नाही अडकली," ती म्हणाली.

तीन किलो आठशे पाच. मी लिहून घेतलं.